चालू रेडिओची जागा शोकेसमध्ये नाही



आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या रेडिओंवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती. मात्र जुन्या यंत्रांची ओढ म्हणजे बालपणात रमणे, हा त्यातला निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्याकडे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात कॉलेजची मुले येऊन बसतात. त्यांच्या लहानपणी घरात रेडिओ नव्हताच. तरी मर्फी किंवा बुशचा सेट उघडला की ती तासन्‌तास हलत नाहीत. त्यांना खिळवते ती यंत्राची बांधणी.

मागचे झाकण चार स्क्रू काढले की निघते. अनेक सेटमध्ये आतल्या बाजूला सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असतो. बटण फिरवले की गँग कंडेन्सरच्या पात्या एकमेकींत सरकताना दिसतात. आवाज कमीजास्त करताना खरखर झाली तर व्हॉल्यूम कंट्रोल साफ करायचा. सतत घुंई ऐकू येऊ लागली तर बहुधा फिल्टरचा कंडेन्सर सुकलेला असतो, तेवढाच बदलायचा. तो त्याच कंपनीचा हवा अशी अट नाही, मायक्रोफॅरड आणि व्होल्ट जुळले की कोणाचाही चालतो. डायलची दोरी तुटली तर नवी ओवतात. (व्हॉल्व्हच्या सेटमध्ये मात्र वीज बंद केल्यावरही कंडेन्सर जीवघेणा झटका देऊ शकतो. मुलांनी तो जाणकाराशिवाय उघडू नये.)

याउलट माझ्या भाच्याचा ब्लूटूथ स्पीकर दोन वर्षांत बंद पडला. बिघाड फक्त बॅटरीचा होता, पण ती आत चिकटवलेली. सर्व्हिस सेंटरचे उत्तर एका वाक्यात आले : दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या. स्पीकरचा पडदा, चुंबक, खोके, सगळे धडधाकट असताना वस्तू भंगारात गेली. ज्याला हे खटकते त्याला भूतकाळात रमणारा का म्हणायचे?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. यंत्र शाबूत असूनही मुके होऊ शकते. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, ते दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकावर. आवाज लहरींवर चढवण्याची त्या वेळची रीत मध्यम लहरींवर आजही तीच आहे. म्हणूनच कित्येक दशकांपूर्वीचा सेट आजची बातमी ऐकवू शकतो. पण गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने देशभरातले अनेक मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद केले आहेत. ते जुने झाले, वीज फार खातात, श्रोते एफएमकडे आणि मोबाइलकडे गेले, ही कारणे खोटी नाहीत. शहरापुरती ती पटतातही.

कोकणात पटत नाहीत. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की खालच्या वाडीत आवाज विरतो. मध्यम लहरी जमिनीलगत वळत पुढे जातात. एकाच प्रक्षेपकाच्या टापूत कितीतरी दऱ्याखोरी येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी फोनवरच्या ॲपचा उपयोग काय? सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला ना वायफाय लागते, ना रिचार्ज. त्याला फक्त पलीकडून कोणीतरी बोलत राहावे लागते.

जुने ते सगळे राखा, असे माझे म्हणणे नाही. काचेच्या नळीचे जुने टीव्ही वीज खातात, त्यांच्या काचेत शिसे असते. ते रीतसर मोडीत काढलेलेच बरे. पण जे चालते, कमी विजेवर चालते आणि ज्याची दुरुस्ती गावात होते, ते निकामी करण्याआधी त्याच्या मालकाला विचारायला हवे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी समिती नेमली. मे २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग आणि माहिती मिळते का, यावर तिला गुण द्यायचे, अशी ही कल्पना आहे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून लागू आहे. आपल्याकडे सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करण्याची शिफारस आहे आणि गुण कंपन्यांनी स्वतःच जाहीर करायचे आहेत. परीक्षार्थ्यानेच आपला पेपर तपासावा तसे हे होईल. तपासणी त्रयस्थाने करावी, रेडिओ आणि स्पीकरसारख्या स्वस्त वस्तूही यादीत घ्याव्यात, आणि सर्किटचा नकाशा देणे सक्तीचे करावे. पन्नास वर्षांपूर्वी तो झाकणाच्या आत चिकटवता येत होता, तर आज देण्यात अडचण कसली?

आणि प्रसार भारतीने किनारपट्टीच्या जिल्ह्यांसाठी मध्यम लहरींचे प्रक्षेपण निदान पावसाळ्याच्या महिन्यांत तरी खात्रीने सुरू ठेवावे. कुठलाही प्रक्षेपक कायमचा बंद करण्यापूर्वी त्याच्या टापूतल्या ग्रामपंचायतींचे म्हणणे लेखी मागवावे.

— एक वाचक, दापोली