एमए, एमकॉम, एमएस्सी करून मिळतं काय? शहापूर-मुरबाडच्या मुलांनी प्रवेशाआधी मांडायचं गणित

टीवायचा निकाल लागला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. डिग्री हातात आलेली असते, नोकरी मात्र आलेली नसते. भरतीची जाहिरात कधी येईल ते माहीत नसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "रिकामं बसण्यापेक्षा एमए तरी कर."

आणि फॉर्म भरला जातो. विषय कोणता? जो टीवायला होता तो. का? कारण दुसरं काही सुचत नाही.

दोन वर्षांनी तीच मुलगी, तोच मुलगा पुन्हा त्याच भरतीचा अर्ज भरताना दिसतो. फरक एवढाच, की वय दोन वर्षांनी वाढलेलं असतं. मग पीजी करून खरंच फायदा होतो का? होतो, पण सगळ्यांना नाही. कुणाला होतो आणि कुणाला नाही, तेच समजून घेऊ.

आधी बघू, पीजी कुठे लागतंच

काही नोकऱ्यांच्या जाहिरातीत पदव्युत्तर पदवी ही किमान पात्रता म्हणून लिहिलेली असते. तिथे पीजी नसेल तर अर्जच बाद होतो.

पहिलं उदाहरण ज्युनियर कॉलेजच्या शिक्षकाचं. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर त्या विषयातली पीजी आणि सोबत बीएड लागतं. नववी-दहावीसाठी पदवी आणि बीएड पुरतं. पहिली ते पाचवीसाठी तर बारावीनंतरचं डीएड (आताचं डीएलएड) आणि टीईटी. म्हणजे शिक्षक व्हायचंय एवढंच ठरवून चालत नाही, कितवीचा शिक्षक व्हायचंय तेही ठरवावं लागतं.

दुसरं उदाहरण सीनियर कॉलेजच्या प्राध्यापकाचं. इथे पीजीला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि त्यावर नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएचडीची सक्ती नाही, नेट-सेट पुरते. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. ऐकायला छान वाटतं, पण कायम जागा कमी निघतात. त्यामुळे नेट-सेट झालेले कितीतरी जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे मिळतात आणि सुट्टीत मानधन बंद. या वाटेला जाणाऱ्याने हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं.

तिसरं उदाहरण प्रयोगशाळेचं. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर हा केमिकलचा पट्टा आपल्या तालुक्यांपासून फार लांब नाही. केमिकल आणि औषध कंपन्यांत प्लांटवरच्या कामाला बीएस्सी चालतं. संशोधन विभागात मात्र बहुतेक वेळा एमएस्सी केमिस्ट्री विचारतात. पुढे बढती मिळतानाही तिचा उपयोग होतो.

चौथं उदाहरण एमएसडब्ल्यूचं. दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक, सामाजिक संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग इथे या पदवीला किंमत आहे. आदिवासी भागात वाढलेल्या आणि तिथली बोली येणाऱ्या मुला-मुलींकडे तर शहरातल्या उमेदवाराकडे नसलेली एक गोष्ट आधीपासूनच असते.

आणि कुठे लागत नाही

आता आपल्याकडची बहुतेक मुलं ज्या नोकऱ्यांची तयारी करतात, ती यादी बघा. पोलीस शिपाई, बारावी पास. वनरक्षक, बारावी. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कोणतीही पदवी. पीएसआय, पदवी. बँकेत क्लार्क किंवा पीओ, पदवी. एमपीएससीची राज्यसेवा आणि यूपीएससी, दोन्हीकडे पदवी.

यातल्या एकाही परीक्षेत एमए केलंय म्हणून जास्तीचे गुण मिळत नाहीत. पेपर सगळ्यांना सारखाच असतो.

शहापूर हा पूर्ण तालुका आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे पेसाअंतर्गत तलाठी, शिक्षक, वनरक्षक यांसारख्या १७ संवर्गांची पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी आहेत. ही भरती कोर्टकचेरीत अडकली होती आणि त्यासाठी आंदोलनंही झाली, हे तुम्हाला आठवत असेल. यातल्या तलाठी, शिक्षक, वनरक्षक या पदांना पीजी लागत नाही. डीएड, टीईटी आणि जातवैधता प्रमाणपत्र वेळेत हातात असणं तिथे जास्त कामाचं.

खासगी नोकऱ्यांचं चित्रही फार वेगळं नाही. मुरबाड एमआयडीसीत आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना विचारणा असते. वासिंदपासून भिवंडीपर्यंतच्या गोदामांत सुपरवायझरला एक्सेल आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर येतं का, हे विचारतात. सीएच्या ऑफिसात एमकॉमपेक्षा टॅली आणि जीएसटी रिटर्न भरता येणं आधी बघितलं जातं.

मग एवढी गर्दी का होते?

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले होते. पदवीच्या जोरावर मिळणाऱ्या नोकरीसाठी रांग किती लांब आहे, ते यावरून कळतं. या रांगेत पुढे जायला पीजीचा उपयोग होत नाही. पण रांगेत उभं असताना 'काय करतोस?' या प्रश्नाला उत्तर मिळतं. 'एमए करतोय' हे 'घरीच आहे' यापेक्षा बरं वाटतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीच्या इन्स्टिट्यूट फॉर ह्युमन डेव्हलपमेंटने मार्च २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर एक अहवाल दिला. त्यानुसार २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तेच ३.४ टक्के होतं.

याचा अर्थ शिकून नुकसान होतं असा नाही. ज्याच्या घरात आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते काम करतो. शिकलेला मुलगा शिक्षणाला साजेशा नोकरीची वाट बघतो आणि घरचे तोवर त्याला सांभाळतात. पीजीची दोन वर्षं पुष्कळदा या वाट बघण्याचाच भाग असतात.

फी कमी आहे, मग नुकसान काय?

"एमएची फी तर थोडीच असते." खरंय. अनुदानित कॉलेजात, त्यात शिष्यवृत्ती असेल तर खिशाला फार झळ बसत नाही. पण खर्च फीचा नाहीच.

पहिला खर्च वेळेचा. हवा तो विषय तालुक्यातल्या कॉलेजात नसेल तर कल्याण, ठाणे किंवा थेट कलिना गाठावं लागतं. शहापूरहून आसनगाव स्टेशन, तिथून लोकल, कुर्ल्याला उतरून कलिना. जाऊन-येऊन चार तास सहज जातात. डोळखांबच्या मुलाला स्टेशन गाठण्यासाठीच आधी एसटी किंवा जीप पकडावी लागते. मुरबाडला तर रेल्वेच नाही. टोकावड्याच्या मुलीला कल्याणपर्यंतचा सगळा रस्ता एसटीने, आणि शेवटची गाडी चुकली तर घरच्यांच्या जिवाला घोर.

दुसरा खर्च न मिळालेल्या पगाराचा. समजा, पदवीनंतर तुम्हाला महिना १५ हजारांची नोकरी मिळू शकते. पीजीसाठी ती सोडली, तर २४ महिन्यांचे ३ लाख ६० हजार रुपये गेले. आता समजा पीजीनंतर तुम्हाला ३ हजार जास्त, म्हणजे १८ हजार मिळाले. गेलेले पैसे भरून निघायला १२० महिने लागतील. म्हणजे १० वर्षं. तेच पीजीमुळे पगार १० हजारांनी वाढणार असेल, तर ३ वर्षांत वसुली होते.

हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. त्यांच्या जागी तुमच्या विषयाचे आणि तुमच्या ओळखीतल्या लोकांच्या पगाराचे आकडे टाकून बघा.

मुलींचं गणित वेगळं आहे

इथे एक गोष्ट पगाराच्या हिशोबात बसत नाही, पण ती टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे शिक्षण संपलं की मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात होते. एमएला प्रवेश म्हणजे 'अजून शिकतेय' असं सांगायला मिळालेली दोन वर्षं. कितीतरी मुली याच कारणाने पीजी करतात, आणि त्यात चुकीचं काही नाही.

फक्त ही दोन वर्षं नुसत्या प्रवेशावर जाऊ नयेत. नुसत्या एमएऐवजी थेट नोकरीकडे नेणारं बीएड किंवा एमएसडब्ल्यू करता येतं का, ते बघा. एमएच करायचं असेल तर सोबत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास किंवा टॅलीसारखा एखादा कोर्स करा. दोन वर्षांनी घरात लग्नाचा विषय पुन्हा निघेल, तेव्हा हातात पगाराची स्लिप असेल तर त्या चर्चेत तुमचा आवाज नक्की मोठा असतो.

नवीन शिक्षण धोरणाने काय बदललं?

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीला नवीन पद्धत आली. आता दोन वाटा आहेत. तीन वर्षांची पदवी आणि मग दोन वर्षांचं पीजी, किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि मग एक वर्षाचं पीजी. दोन्हीकडे वर्षं पाचच.

दोन वर्षांच्या पीजीतून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर पीजी डिप्लोमा मिळतो, त्यामुळे मध्येच नोकरी लागली तरी वर्ष वाया जात नाही. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीजीशिवायही पीएचडीसाठी नेट देता येते. प्राध्यापक होण्यासाठी मात्र पीजी लागतेच.

नोकरी करता करता पीजी

इतिहास, मराठी, राज्यशास्त्र, वाणिज्य अशा विषयांसाठी हा मधला रस्ता चांगला आहे. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र (सगळे त्याला अजून आयडॉलच म्हणतात), नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू इथून नोकरी सांभाळून पीजी करता येतं. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या 'पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्राम'च्या जाहिरातींपासून मात्र सावध राहा. नावात पोस्ट ग्रॅज्युएट आहे म्हणून ती पदवी होत नाही. अनेकदा ते खासगी कंपनीचं प्रमाणपत्र असतं आणि सोबत कर्जाचा हप्ता येतो. पैसे भरण्याआधी पदवी कोणतं विद्यापीठ देणार आणि त्या कोर्सला यूजीसीची मान्यता आहे का, एवढं तपासाच.

नियमित पीजी करायचंच असेल तर सरकारी योजना आधी बघा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. अनुसूचित जमातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वयम् योजना आहे. त्यात राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. त्यासाठी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा. अनुसूचित जातींसाठी अशीच स्वाधार योजना आहे.

फॉर्म भरण्याआधी पाच प्रश्न

१. मला हवी असलेली नोकरी नेमकी कोणती? तिची शेवटची जाहिरात मी स्वतः वाचली आहे का?

२. त्या जाहिरातीत पीजी किमान पात्रता आहे का? नसेल, तर मी पीजी कशासाठी करतोय?

३. गेल्या पाच वर्षांत माझ्या ओळखीत ज्यांनी हे पीजी केलं, ते आज काय काम करतात? त्यातल्या तिघांना तरी मी विचारलंय का?

४. हेच शिक्षण नोकरी करता करता होऊ शकतं का?

५. दोन वर्षांनी काहीच झालं नाही, तर माझा दुसरा प्लॅन काय?

ज्यांच्याकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आहेत, त्यांनी पीजी जरूर करावं आणि मन लावून करावं. पीजी लागतेच अशा नोकरीचं दार तिच्याशिवाय उघडत नाही, मग आसनगावहून रोज चार तासांचा प्रवास करावा लागला तरी तो कामी येतो.

बाकीच्यांनी फॉर्म भरण्याआधी एक दिवस थांबावं. आपल्याकडे आधी प्रवेश घेतात आणि मग जाहिरात शोधतात. तुम्ही आधी जाहिरात वाचा, मग प्रवेश घ्या.