कसोटी झोताच्या शिस्तीची

इंदूर म्हटले की मराठी मनाला होळकरांचे स्मरण होते. त्याच इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-१’ (१९९९) व ‘इंडस-२’ (२००५) ही सिंक्रोट्रॉन यंत्रे भारतीय शास्त्रज्ञांनी उभारली. सुमारे १७२ मीटर परिघाच्या ‘इंडस-२’मध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांना वळवतात आणि त्या वळणांवर क्ष-किरण बाहेर पडतात. प्रथिनांची, औषधांची, मिश्रधातूंची अंतर्रचना त्यांतून उलगडते. हे कर्तृत्व निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु विज्ञान अभिमानापाशी थांबत नसते.

या क्षेत्रातील खरी स्पर्धा आज शक्तीपेक्षा शिस्तीची आहे. झोतातील इलेक्ट्रॉन जितके दाटीने व समांतर धावतील, तितका किरण प्रखर. अडचण अशी, की वळताना प्रकाश देणारा इलेक्ट्रॉन त्या प्रकाशदानामुळेच किंचित ढळतो आणि झोत विस्कटतो. त्यावरचा तोडगा म्हणजे मोजक्या मोठ्या वळणांऐवजी अनेक लहान वळणे. प्रत्येक वळणाचा कोन निम्मा केला, की झोताचा पसारा सुमारे एक अष्टमांश उरतो. मात्र त्यासाठी शेकडो चुंबक केसाच्या जाडीइतकीही चूक न होता मांडावे लागतात. जमिनीचे कंपन आणि तापमानातील चढउतार यांवर अहोरात्र पहारा ठेवावा लागतो.

स्वीडनमधील लुंड येथे २०१६ मध्ये हे तंत्र प्रत्यक्षात उतरले. ब्राझीलचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. त्या देशाचे पहिले सिंक्रोट्रॉन १९९७ मध्ये संशोधकांना खुले झाले, म्हणजे जवळपास आपल्या बरोबरीनेच. २०१८ मध्ये कॅम्पिनास येथे त्याने ‘सिरियस’चे उद्घाटन केले, त्याचे बहुतांश भाग स्वदेशी उद्योगांनी घडवले. त्याचा झोत ‘इंडस-२’पेक्षा शंभरपटींहून अधिक नेटका आहे. आपले संशोधक मात्र अधिक प्रखर किरणांसाठी हॅम्बुर्ग वा ट्रिएस्टची वाट धरतात.

आपल्याकडे कौशल्य नाही, असे कोण म्हणेल? जिनिव्हानजीकच्या महाकाय त्वरकासाठी लागणारे अतिवाहक चुंबक आणि चुंबक तंतोतंत बसवणारे जॅक इंदूरच्याच केंद्राच्या पुढाकाराने भारतात घडले. उणीव आहे ती दीर्घ पल्ल्याच्या निर्धाराची. अतिप्रखर सिंक्रोट्रॉनचा विचार आपल्याकडे वर्षानुवर्षे चर्चेत आहे. निधी व कालमर्यादा निश्चित करून सरकारने तो तडीस न्यावा. असे यंत्र उभारण्यास अनेक वर्षे लागतात. विलंबाचे प्रत्येक वर्ष आपल्या तरुण संशोधकांच्या उमेदीच्या काळातून वजा होत असते.