बालीचं तिकीट काढलंय, पाटणादेवीचा रस्ता माहीत नाही

दिवाळी महिन्यावर आली की जळगावच्या नव्या पेठेपासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत फ्लेक्स झळकायला लागतात. बाली, फुकेत, अंदमान, मालदीव. निळं पाणी, पांढरी वाळू आणि खाली हप्त्यांची सोय. जावं माणसानं. पैसा कष्टाचा आहे, आणि रावेरच्या केळीत आयुष्य घातलेल्या शेतकऱ्याच्या मुलानं समुद्र पाहू नये असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. माझा राग वेगळा आहे. बालीहून परतलेलं हेच घर, पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्याला शेवभाजी वाढतं आणि सांगून टाकतं, "आपल्याकडे काय आहे बघण्यासारखं? ऊन!" धुळ्याच्या बाजूला तेच अहिराणीत ऐकू येतं, "आठे काय शे देखासारखं?"

हे धादांत खोटं आहे. सांगणाऱ्यानं ते एकदाही तपासलेलं नसतं. बाली बेटावरच्या देवळाची वेळ, प्रवेशाचे कपडे आणि फोटोची जागा त्याला तोंडपाठ असते, आणि चाळीसगाव तालुक्यातलं पाटणादेवी त्याला फक्त जाऊळ काढायची जागा म्हणून ठाऊक असतं. खान्देशाची उपेक्षा सरकारनं केली, पुण्यानं केली, मुंबईनं केली, असं गाऱ्हाणं आपण वर्षानुवर्षं गातो. पहिली उपेक्षा आपण केली. बाकीच्यांनी आपलंच ऐकलं.

पाटणादेवीपासूनच बोलतो, कारण खान्देशात मला कुणी एकच जागा विचारली तर मी तीच सांगेन. चाळीसगावपासून वीसेक किलोमीटर. गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा हा पायथा. श्रावणात जावं. डोंगर हिरवे झालेले असतात, केदारकुंड आणि धवलतीर्थ धो धो वाहत असतात, आणि झाडीत हेमाडपंती महादेवाचं देऊळ एकटं उभं असतं. पण मी तिथे माणसांना नेतो ते धबधब्यासाठी नाही. देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भाऊ दाजी लाडांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे आणला. 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला होता, आणि त्या मठात शिकवायचं काय, तर आजोबांचे ग्रंथ. गणित आणि ज्योतिष. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. भास्कराचार्यांचा जन्म नेमका कुठला यावर पंडितांनी खुशाल भांडावं, पण त्यांची विद्या या मातीत शिकवली जात होती हे दगडात कोरलेलं आहे.

त्या लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे आणि देण्याघेण्याचा तपशील जुन्या मराठीत. तो तपशील मला अस्वस्थ करतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला. तेलाच्या घाण्यांमागे मापानं तेल मठाला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथला व्यापारी आणि इथला तेली आपल्या रोजच्या विक्रीतून गणिताची शाळा चालवत होते. 'लीलावती'तली उदाहरणं सोडवणाऱ्या पोरांच्या दिव्यात याच गावच्या घाण्याचं तेल जळत असणार. आणि आज? देवीला नारळ फोडून, जेवणाच्या पंगती उठवून, पत्रावळी तिथेच टाकून माणसं परततात आणि लेखाकडे ढुंकून पाहत नाहीत. पाहिलं तरी समजावून सांगायला कुणी नसतं. जवळच्या पितळखोऱ्याची तीच गत. इसवी सनाच्या आधी खोदायला घेतलेली बौद्ध लेणी, आणि चाळीसगावच्या निम्म्या माणसांना ती फक्त नावानं माहीत.

त्याच चाळीसगावात, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, केकी मूस यांचं घर आहे. १९१२ साली जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडात शिकून आला आणि १९८९ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ याच बंगल्यात कोंडून राहिल्यासारखा राहिला. घराला त्याने रेम्ब्राँचं नाव दिलं होतं. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडायच्या, प्रकाश पाडायचा आणि त्यातून डोंगर, वाळवंट, बर्फाळ रान उभं करायचं, असं त्याचं टेबलटॉप छायाचित्रण. फोटोत अख्खं निसर्गचित्र दिसतं आणि कुठल्या वस्तूतून ते घडलं हे कळल्यावर माणूस जागचा हलत नाही. बाहेर न पडता जग पाहिलेला असा माणूस दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाला असता तर त्यांनी स्टेशनवर त्याची चित्रं टांगली असती. आपल्याकडे चाळीसगावच्या फलाटावर गाडी थांबते, प्रवासी चहा घेतात आणि पुढे जातात.

जळगावचं दुखणं याहून मोठं आहे, कारण जळगावला जग आपणहून येतं. अजिंठ्याला सर्वांत जवळचं मोठं रेल्वे स्टेशन जळगाव. लेणी साठेक किलोमीटरवर, जिल्हा शेजारचा. १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ही लेणी पाहायला जपानपासून श्रीलंकेपर्यंतची माणसं इथे उतरतात, लॉजवर रात्र काढतात, सकाळी फर्दापूरचा रस्ता धरतात आणि संध्याकाळी गाडीत बसतात. या शहरानं त्यांना आणखी एक दिवस थांबवायचा कधी मनापासून प्रयत्न केला आहे का? जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ २०१२ पासून उभं आहे, ते उत्तम आहे, आणि खाजगी पुढाकारानं झालं आहे. बाकी गावानं काय केलं?

थांबलेल्या माणसाला मी असोदा-भादलीच्या शिवारात नेईन, तेही थंडीत. असोद्याला १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. तिथून जवळच भादली. तिथल्या स्टेशनापाशी ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी. मराठी कवितेतला एक जन्म आणि एक मृत्यू एका सकाळीत पाहून होतात, अशी जागा महाराष्ट्रात दुसरी दाखवा. आणि दुपारी याच पट्ट्यातल्या एखाद्या शेतात काट्याकुट्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी भरताची वांगी भाजलेली असतात. साल काढून ती लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, कच्चे शेंगदाणे, तेलाची फोडणी, आणि बरोबर कळण्याची पुरी. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. मानांकनाचे सत्कार झाले. पाहुण्याला मात्र आजही आपण महामार्गावरच्या हॉटेलात नेऊन पनीर खाऊ घालतो.

पद्मालयाचे दोन गणपती आणि कमळांचं तळं, मनुदेवीचा पावसाळ्यातला धबधबा, अडावदजवळचं उनपदेवचं गरम पाणी, सातपुड्यातलं पाल, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे चक्रवाक आणि थापट्या. यातल्या प्रत्येकाला मी वेगळी शाबासकी देत बसत नाही. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याबद्दल मात्र बोललंच पाहिजे. तिथे दोन झुलते मनोरे होते. एक हलवला की दुसरा हलायचा. बांधणाऱ्याचं हे कसब पाहायला माणसं लांबून यायची. त्यातला एक मनोरा कोसळला. राहिलेला एकटा काय झुलणार? जोडीचाच तो चमत्कार होता. आपल्या जिल्ह्यातलं एक आश्चर्य आपल्या हयातीत संपलं. कुणी राजीनामा मागितला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. उरलेल्या मनोऱ्याचं काय होणार याची काळजी करणारी माणसं बोटांवर मोजावी लागतील.

धुळ्याकडे या. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायी हिंडून त्यांनी जमवलेले कागद, पुढच्या माणसांनी जमवलेली दफ्तरं आणि मूर्ती हे सगळं धुळ्यात आहे. शंकरराव देवांनी समर्थांच्या परंपरेतली हस्तलिखितं मठामठांतून गोळा करून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली, तेही इथेच. त्या काळी मोटारी नव्हत्या, निधी नव्हता. आज धुळ्यातल्या एखाद्या महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या मुलाला विचारा, राजवाडे मंडळाची पायरी चढलास का? उत्तर ऐकून मान खाली जाते, त्याची नव्हे, आपली.

मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळ्यात शिरताना लळिंगचा किल्ला दिसतो. फारुकी सुलतानांच्या काळातला हा किल्ला हजारो गाड्यांच्या काचेतून दिसतो आणि मागे पडतो. त्याच्या पायथ्याशी लांडोर बंगला आहे. १९३७ साली एका खटल्याच्या कामानं धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले होते. दरवर्षी ३१ जुलैला त्यांचे अनुयायी भर पावसात तिथे जमतात. त्यांना कुणी जाहिरात करून बोलावत नाही. आपल्या इतिहासाची जागा कशी जपायची हे त्या माणसांकडून बाकीच्या धुळ्यानं शिकावं.

आणि थाळनेर. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. खान्देशातल्या फारुकी सत्तेचं पहिलं ठाणं. इथे त्यांच्या कबरी आहेत, एक अष्टकोनी, नक्षीदार. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी हिस्लॉपच्या इंग्रजी फौजेनं किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. लता मंगेशकरांचं आजोळही हेच. राजधानी, लढाई आणि लताबाईंचं आजोळ एकाच नदीकाठच्या गावात, एवढं असूनही थाळनेरला मुद्दाम गेलेला माणूस जळगावात मला शोधावा लागतो. साक्री तालुक्यातलं भामेर, बळसाण्याची देवळं, सोनगीरच्या तांबटांची आळी यांचीही तीच कथा. पांझरा नदीवरची पाणीवाटपाची फड पद्धत तर शिकायला परदेशी अभ्यासक येतात. बंधारा गावाचा, पाटाचं पाणी वाटून घेणारे शेतकरीच, पाणी सोडायला पाटकरी गावानं नेमलेला. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची सुरुवातही याच खोऱ्यात, दातर्तीला नदीपात्रातून नळ नेण्याच्या कामानं झाली. पाणी सर्वांना कसं वाटावं हे दाखवणारे ते बंधारे आपण पोरांना कधी दाखवले?

पुढारी म्हणतील, आम्ही पर्यटनासाठी निधी आणला. आणता हो, आणि त्याचं काय करता तेही दिसतं. प्रवेशाला सिमेंटची कमान, कमानीवर नावं, आत पेव्हर ब्लॉक, हिरव्या रंगाचा फायबरचा हत्ती आणि गावाच्या नावापुढे लाल बदाम लावून सेल्फी पॉइंट. बाईमाणसाला जायला स्वच्छ स्वच्छतागृह नाही. असलं तर कुलूप. किल्लीवाला सापडत नाही. वेळेवर जाऊन वेळेवर आणणारी एसटी नाही. शिलालेखाचा अर्थ सोप्या मराठीत लिहिलेला, वाचता येईल असा फलक नाही. गावातली दहा पोरं तयार करून त्यांना वाटाड्याचं काम आणि पगार देणं, हे कमानीपेक्षा स्वस्त पडतं. पण पोरांवर नाव कोरता येत नाही.

काही जाणते मित्र उलट बाजूनं हटकतात. म्हणतात, सांगू नकोस कुणाला, गर्दी आली की डीजे येतो, बाटल्या येतात, जागा मरते. भीती खरी आहे. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यांखाली काय चालतं ते मी पाहतो आणि माझंही रक्त उकळतं. पण फरकांड्याचा मनोरा गर्दीनं पाडला का? थाळनेरच्या कबरींवर गवत गर्दीनं उगवलं का? तिथे कुणीच गेलं नाही, कुणाचीच नजर नव्हती, म्हणून ते झालं. मला बाहेरच्या बसगाड्या नकोत. मला आधी जळगावचा माणूस थाळनेरला आणि धुळ्याचा माणूस पाटणादेवीला गेलेला पाहायचा आहे. ज्याला तिथल्या दगडाचा अर्थ कळलेला आहे, तोच उद्या तिथे बाटली फोडणाऱ्याचा हात धरेल.

डिसेंबरात शाळांच्या सहली निघतील. गेली कित्येक वर्षं आपल्या शाळा पोरांना वॉटर पार्कात नेतात आणि पालक आनंदानं पैसे भरतात. यंदा पालकसभेत उठून विचारा, सहल पाटणादेवीला का नाही? केकी मूसांच्या घरी का नाही? राजवाडे मंडळात का नाही? मुख्याध्यापक म्हणतील, मुलांना मजा येणार नाही. त्यांना सांगा, गणिताचे सर बरोबर न्या, 'लीलावती'तलं एक उदाहरण त्या शिलालेखासमोर बसून सोडवा, आणि मग मुलांनाच विचारा.