एक औषध, दोन मापं

2017 च्या पावसाळ्यात मी अकरावीत होतो. आमच्या आर्णी तालुक्यात त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. सुट्टीच्या दिवशी मी रोजीने फवारणीला जायचो. पाठीवर पंप आणि तोंडाला दुपट्टा, एवढंच. अंगापेक्षा उंच झाडांवर फवारा मारला की निम्मा आपल्याच अंगावर यायचा. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. अम्मी म्हणायची, "उद्या जाऊ नको." पण वहीपुस्तकांचा खर्च त्याच पैशातून निघायचा.

त्याच काही महिन्यांत यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात विषबाधेच्या रुग्णांची रांग लागली. जिल्ह्यात किमान 20 जणांचा जीव गेला आणि शेकडो आजारी पडले. त्यांच्यात शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या शेतात राबणारे मजूरही होते. मी वाचलो ते केवळ नशिबाने.

पुढे कळलं ते जास्त अस्वस्थ करणारं होतं. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांत सिंजेंटा कंपनीचं 'पोलो' होतं. त्यातला डायफेन्थ्युरॉन हा घटक स्वित्झर्लंडमधून भारतात येत होता. कंपनीचं मुख्यालय तिथल्याच बासेल शहरात आहे. आणि स्वित्झर्लंडने स्वतःच्या शेतांसाठी हा घटक 2009 मध्येच बाद केला होता! आपल्या जमिनीवर चालत नाही, पण विकायला चालतो. 2020 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांच्या वतीने बासेलमध्ये दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली; त्याचा निवाडा करणं हे न्यायालयाचं काम. पण 2021 पासून स्वित्झर्लंडने या घटकाची निर्यातही बंद केली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

श्रीमंत आणि गरीब देशांतली दरी म्हटलं की आपण डॉलर, दरडोई उत्पन्न, उंच इमारती मोजतो. मला वाटतं, खरी दरी इथे आहे. एकाच बाटलीसाठी दोन कायदे. तिथल्या शेतकऱ्याचा श्वास महाग, इथल्या मजुराचा स्वस्त. गरीब देश फक्त पैशाने गरीब नसतो. 'हे आमच्याकडे चालणार नाही' असं ठणकावून सांगण्याच्या ताकदीनेही तो गरीब असतो. कीटकनाशकांवरचा आपला मूळ कायदा 1968 चा आहे. स्वित्झर्लंडने निर्यात थांबवली, तरी आपण आपल्या देशात बंदी घातली नाही.

घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना माप मारणारे, अशा लोकांना कुरआनने कडक इशारा दिला आहे. तो फक्त किराणा दुकानदारासाठी आहे, असं मी मानत नाही. देशांच्या व्यापारालाही तो लागू होतो.

आणि मित्रांनो, आपल्या गावालाही लागू होतो. ज्याचं शेत असतं तो बहुतेक वेळा बांधावर उभा असतो, पंप मजुराच्या पाठीवर असतो. त्याला मास्क, हातमोजे देतं कोण? कृषी केंद्रात बाटली देताना डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग म्हणजे विषाची तीव्रता, हे किती जण सांगतात? गल्ल्यावर बसणाऱ्यांत आपलेही भाऊबंद आहेत. बासेलला जाब विचारायचा तर आर्णीतही विचारावा लागेल. नाहीतर आपलीही दोन मापंच झाली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जे विष बनवणाऱ्याच्या देशात चालत नाही, ते इथे विकण्याआधी सरकारने त्याचं कारण जाहीरपणे सांगावं. आणि आपण, शिकलेल्या पोरांनी, या हंगामात एवढं तरी करावं. मोहल्ल्यातून फवारणीला जाणाऱ्या प्रत्येकाला डब्यावरची बारीक अक्षरं त्याच्या भाषेत वाचून दाखवावी. उलटी, चक्कर आली तर डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठायचा, हेही सांगावं.

आमच्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. विषाला विष म्हणायला सुरुवात केली, तरच ते कुणी पाठवलं आणि कुणी येऊ दिलं, हा प्रश्न विचारता येईल.