विषाची तटबंदी

मारुतीच्या गळ्यांत शनिवारीं पडणारी रुईची माळ आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. आणि रुईचा चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये, ही वडील माणसांची ताकीदहि तितकीच परिचयाची आहे. या विषारी झाडाचीं पानें बिनदिक्कत खाणारे सुरवंट आपल्याकडे आहेत, व त्यांच्यापासून होणाऱ्या फुलपाखरांत तें विष कमीअधिक प्रमाणांत उतरतें. या फुलपाखरांचा एक भाऊबंद उत्तर अमेरिकेंत राहतो. त्याचें नांव मोनार्क. आज आम्ही त्याच्या शत्रूंविषयीं लिहिणार आहों.

मोनार्कचे सुरवंट रुईच्याच कुळांतील ‘मिल्कवीड’ नांवाच्या वनस्पतीवर वाढतात. तिच्यांतील विष हृदयावर आघात करणारें असून, हृदयविकारांत दिल्या जाणाऱ्या डिजिटॅलिसच्या जातीचें आहे. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ लिंकन ब्रॉवर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत पिंजऱ्यांतील ब्लू जे पक्ष्यांस असें विषारी फुलपाखरूं खाऊं घातलें. (आपल्या नीलकंठासहि इंग्रज हेंच नांव देत, पण तो पक्षी निराळा.) थोड्याच वेळांत पक्ष्यांस ओकारी झाली, आणि पुढें ते नारिंगी पंख दिसतांच तोंड फिरवूं लागले. मोनार्कची तटबंदी अभेद्य आहे, अशी समजूत होणें साहजिक होतें.

परंतु १९७५ सालीं मेक्सिकोंतील डोंगरांत, सुमारें ३,००० मीटर उंचीवरील रानांत, मोनार्कांचें हिवाळी वसतिस्थान शास्त्रज्ञांस कळलें. झाडांना कोट्यवधि फुलपाखरें लगडलेलीं होतीं. आणि खालीं मेलेल्या फुलपाखरांच्या पंखांचा खच पडत होता. पुढें एका सव्वादोन हेक्टरांच्या वसाहतीची पाहणी झाली, तेव्हां एका हिवाळ्यांत वीस लाखांवर फुलपाखरें, म्हणजे शेंकडा सुमारें ९, केवळ दोन जातींच्या पक्ष्यांनीं फस्त केल्याचें आढळलें.

हे दोन पक्षी एकाच ताटावर बसतात. जेवण्याची तऱ्हा मात्र दोघांची निराळी. काळ्या पाठीचा ओरिओल चोखंदळ आहे. कडू बाह्य आवरण टाळून तो चोंचीनें आंतला गाभा तेवढा काढून खातो. काळ्या डोक्याचा ग्रॉसबीक असली सोललेली मेजवानी मागत नाहीं. तो फुलपाखराचें पोट सबंध गिळतो, आणि तरीहि त्याला ओकारी होत नाहीं. पहिला विष टाळतो, दुसरा तें पचवितो.

हें पचविणें कसें साधतें? प्राण्यांच्या पेशींच्या आवरणांत सोडियम बाहेर ढकलून पोटॅशियम आंत ओढणारा सूक्ष्म पंप असतो. हृदयाचें स्पंदन व मज्जातंतूंचें कार्य त्यावर अवलंबून आहे. कुलपांत खडा अडकावा, तसें हें विष त्या पंपांत अडकून बसतें. मोनार्कच्या पंपाची घडण तीन जागीं बदललेली असल्यामुळें तेथें विषास नीट थारा मिळत नाहीं. शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं हेच फरक फळांवरील बारीक माश्यांत घडवून आणले, तेव्हां त्या माश्याहि विषास दाद देईनात. मात्र त्यांतील कांहीं फरकांमुळें माश्यांना नुसत्या धक्क्यानें झटके येऊं लागले, आणि तिसऱ्या फरकानें तो दोष सौम्य झाला. विष पचविण्याचें सामर्थ्य फुकट मिळत नाहीं, तें असें. पुढें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ग्रॉसबीकच्या पंपांतहि त्याच जागांपैकीं कांहीं ठिकाणीं फरक आढळले. भक्ष्यानें ज्या युक्तीनें विष अंगीं बाळगलें, तीच युक्ति भक्षकासहि साधली!

तर मग मोनार्कचें विष व्यर्थ काय? मुळींच नाहीं. त्या वसाहतींत या दोन पक्ष्यांपासून शंभरांपैकीं सुमारें ९१ फुलपाखरें वांचलीं, हें विसरून चालणार नाहीं. तटबंदी शत्रूंची संख्या कमी करते. ती शत्रु नाहींसे करीत नाहीं.

खरा धोका निराळाच आहे. स्थलांतर करणाऱ्या मोनार्कांस आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानें २०२२ सालीं ‘संकटग्रस्त’ ठरविलें, व २०२३ सालीं त्यांस एक पायरी खालच्या, ‘असुरक्षित’ वर्गांत घातलें. पक्षी विषाची चव ओळखतो, आणि ती सोसण्याची किंमतहि देतो. हिवाळी रानावर चालणारी कुऱ्हाड आणि शेतांतील मिल्कवीड जाळणारीं तणनाशकें यांना मात्र कडू-गोड कांहींच कळत नाहीं. त्यांच्यापुढें कोणत्याहि फुलपाखराची तटबंदी टिकावयाची नाहीं.