स्कॅनरच्या पोटात काय असतं?

बिबवेवाडीत फोटोचं वेड असलेली जी तरुण मंडळी माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्यात सध्या एक मत पक्कं झालंय : खरं कृष्णधवल फिल्मवरच, सेन्सरवरचं म्हणजे रंग पुसलेला फोटो. मग एचपी-५ या कृष्णधवल फिल्मचा महागडा रोल घ्यायचा, धुऊन स्कॅन करून आणायचा आणि मोबाइल पुढे धरून विचारायचं, ‘डिजिटलमध्ये येतं का हे?’

अहो, हातात धरलंय तेही डिजिटलच! स्कॅनरच्या पोटातही सेन्सरच असतो. फिल्मच्या ज्या ग्रेनचं, म्हणजे दाणेदारपणाचं, एवढं कौतुक, तो स्कॅनरचं भिंग, फोकस आणि शार्पनिंग यांतून गाळून आलेला. साध्या फ्लॅटबेडवर ३५ मिमीची निगेटिव्ह जरा वाकलेली असली की ग्रेन विरतो, आणि मग शार्पनिंग चढवून जे दिसतं त्याला आपण ग्रेन म्हणतो. ग्रेनच हवा असेल तर एन्लार्जरखाली ब्रोमाइड कागदावर प्रिंट काढा. तिथे माझं काही भांडण नाही.

‘रंग पुसलेला फोटो’ या आक्षेपात मात्र अर्धं तथ्य आहे. नेहमीच्या सेन्सरवर ब्राइस बायर यांच्या रचनेची (पेटंट १९७६ चं) रंगीत जाळी असते. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. तपशील थोडा मार खातोच. २०१२ मध्ये लायकाने जाळी काढून टाकलेला मोनोक्रोम कॅमेरा आणला तो यासाठीच. पण याच जाळीची किंमत मार्केट यार्डाच्या फुलबाजारात कळते. लाल गुलाब आणि त्याची हिरवी पानं फिल्मवर जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात. वेगळी हवीत तर फिल्टर आधीच लावायला हवा. रंगीत सेन्सरच्या फाइलमध्ये लाल चॅनेल वाढवला की गुलाब उजळतो, हिरवा वाढवला की पानं. तेही घरी, चहा पीत. लायकाच्या त्या कॅमेऱ्यातही ही सोय गेलीच.

मग फिल्मवाल्यांकडे काहीच नाही? आहे, फक्त ते ‘आत्मा’ वगैरे नाही. भर दुपारी गाळ्याबाहेर पोतं पाठीवर घेतलेला हमाल बघा : पांढरी टोपी उन्हात, चेहरा सावलीत. सेन्सरचा पिक्सेल भरला की भरला, पुढचा प्रकाश नोंदलाच जात नाही. निगेटिव्हची घनता मात्र हळूहळू का होईना, वाढत राहते, म्हणून टोपीच्या घड्या टिकतात. स्कॅनरपुढे येतो तो असा आधीच आवरलेला प्रकाश. प्रकाशाला पहिल्यांदा कोण सामोरं गेलं, यातच सगळा फरक आहे. डिजिटलवाले म्हणतील, एक्स्पोजर कमी द्या, सावल्या नंतर उचला. बरोबर आहे, सावल्या उचलण्यात आजचे सेन्सर फिल्मच्या पुढेच आहेत. पण लगबगीने चाललेल्या हमालामागे जाताना एवढा हिशोब जमतोच असं नाही, आणि एक-दोन स्टॉप जास्त झाले तर निगेटिव्ह सांभाळून घेते.

तेव्हा दुपारच्या यार्डात मी रोल भरीन. पहाटेच्या फुलबाजारात, ट्यूबलाइटखाली, बेलाशक सेन्सर. आणि रोल स्कॅनच करायचा असेल तर लॅबकडून कॉन्ट्रास्ट न चढवलेली सोळा बिटची टिफ फाइल मागून घ्या. करकरीत जेपेगमध्ये फिल्मने राखलेल्या टोपीच्या घड्या लॅबनेच उडवलेल्या असतात, आणि तीच फाइल दाखवून तुम्ही डिजिटलला नावं ठेवत असता.