गॅलरीचा कठडा आणि रंगाखालचा गंज



आज पदार्थ नाही, पारण्याची तयारीही नाही. आज रेलिंगबद्दल लिहिते आहे. हसू नका. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सकाळचे सामायिक झाल्यावर सासूबाई गॅलरीत आल्या आणि रोजच्या सवयीने त्यांनी कठड्याला हात टेकला. कोपऱ्यातला पाय फरशीतून अलगद सुटला. मी मागेच उभी होते, दंड धरला म्हणून निभावले. त्यांचे वय ८७. खाली दगडी पायऱ्या.

वाईट याचे वाटले की त्याच कठड्याला आदल्या दिवाळीत नवा रंग दिला होता. चॉकलेटी, चकचकीत. पाहुणे कौतुक करून गेले होते. रंगाखाली लोखंड होतेच कुठे? बोटाने दाबले तर पापुद्रे निघत होते.

आमचे घर जव्हारला, शिरपामाळाच्या बाजूला. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला नाव पडले, असे इथे सांगतात. समुद्रसपाटीपासून गाव सुमारे ४५० मीटर उंचीवर. उन्हाळ्यात येणारे म्हणतात, काय छान हवा! त्यांनी एकदा जुलैत येऊन राहावे. वर्षाला शंभर इंचांच्या घरात जाणारा पाऊस चार महिन्यांत उरकतो. पाऊस थांबला की धुके दारातून आत येते. धुतलेले कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात. आणि मार्च उजाडला की हीच गॅलरी अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. भिजणे, फुगणे, तापणे, आकसणे. या चक्रात वस्तू टिकवायची तर ती दुकानात कशी दिसते हे पाहून भागत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. रेलिंगची किंमत विचारण्याआधी एवढे विचारा, की हे माझ्याकडे दरवर्षी काय मागणार? रंग मागणार, पॉलिश मागणार, औषध फवारणी मागणार, की नुसते फडके?

हा प्रश्न आपण बायकांनी विचारायचा आहे. घर बांधताना रेलिंगची डिझाइन पुरुष मंडळी मोबाइलवर पसंत करतात. पुढची पंधरा वर्षे ते पुसतो आपण, रंगाऱ्याच्या मागे लागतो आपण आणि शेवाळ घासतोही आपणच.

शेवाळाचा विषय निघालाच आहे, तर थांबते. आपल्या घरात लहानपणापासून शिकवतात की शेवाळ अनंतकाय आहे, त्यावर पाय पडू देऊ नये. पावसात जीवोत्पत्ती वाढते म्हणून तर साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. आणि आपण काय करतो? पाणी साचेल अशा जागा घरात बांधून ठेवतो, शेवाळ उगवले की ब्लीचिंग पावडर टाकतो आणि मग मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. उगवल्यावर मारण्यापेक्षा उगवणारच नाही अशी कोरडी जागा ठेवणे, ही खरी जयणा. आळशी बाईला कमी देखभालीची वस्तू लागते, असे कोणी म्हणाले तर त्यांना हे सांगा.

आता एकेक पर्याय बघू.

लाकूड. सागवान दिसायला सुंदर, पण उघड्या गॅलरीत दरवर्षी तेल-पॉलिश हवे. सांध्यात ओल धरली की बुरशी, मागोमाग वाळवी. वाळवीला औषध मारायचे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आतल्या जिन्याला खुशाल लावा, पावसात नको. लाकडासारख्या दिसणाऱ्या, भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्यांना वाळवीचा त्रास नाही, पण त्या उन्हात वाढतात, लांब अंतरावर मध्ये झोळ धरतात आणि सावलीत त्यांच्यावरही हिरवे येते.

काच. शोरूममध्ये बघून माझीही सून भुलली होती. इथे पावसाचे थेंब वाळले की डाग, उन्हाळ्यात लाल धूळ. आणि काचेत आभाळ दिसते, म्हणून पाखरे येऊन आपटतात. फक्त एवढ्या एका कारणावरून आमच्या घरात काच बाद झाली.

साधे लोखंड, म्हणजे वेल्डर ज्याला एमएस म्हणतो. स्वस्त, कुठेही जोडून मिळते. पण पाय फरशीत गाडलेला असतो. पाय आणि फरशी यांच्या फटीत पाणी शिरते, गंज धरतो, गंजलेले लोखंड फुगते, फरशीला चीर जाते आणि जास्त पाणी शिरते. रंग वरवरचा, आजार बुडाशी. आमचे हेच झाले.

जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड म्हणजे जीआय. बजेट कमी असेल तर हे चांगले. मात्र वेल्डिंगच्या आणि कापलेल्या जागी मुलामा जळतो किंवा उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. शक्य असेल तर आधी पूर्ण जाळी तयार करून मग ती वितळलेल्या जस्तात बुडवून आणायला सांगा. नाहीतर प्रत्येक जोडावर जस्ताचा रंग लागलाच पाहिजे.

ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, वजनाला हलके. पण ओल्या सिमेंटशी त्याचे जमत नाही, आणि त्याला लोखंडी स्क्रू मारले तर ओलीत दोन धातूंचे भांडण सुरू होते. गावातल्या वेल्डरला ते नीट जोडता येईलच असे नाही.

शेवटी आम्ही स्टेनलेस स्टील घेतले, तेही एकदा फसून. मागच्या जिन्याला आधी जे बसवले, त्यावर पहिल्याच पावसात चहासारखे तपकिरी ओघळ आले. बसवणाऱ्याने लोहचुंबक लावून दाखवला होता, "बघा ताई, चिकटत नाही, अस्सल आहे." अहो, हलके २०२ ग्रेडही चुंबकाला चिकटत नाही! त्यात निकेल कमी असते. बाहेरच्या कामाला ३०४ मागा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. डहाणू, वसई अशा समुद्राकाठी राहणाऱ्या मैत्रिणींनी ३१६ चा विचार करावा, खारी हवा ते जास्त सोसते. आणि ग्रेड बिलावर लिहून घ्या. बिलावर नाही ते मालात नाही, असे मी कॉमर्सला असताना शिकले आणि ऐन वेळी विसरले.

हिशेब समजा असा. लोखंडी कठड्याला आज १०० रुपये लागले, तर स्टीलला २१० धरा. लोखंडाला एक दिवाळी आड घासणे-रंगवणे, प्रत्येक वेळी १५. पंधरा वर्षांत सात वेळा म्हणजे १०५. मध्ये एकदा पायांची दुरुस्ती ३०. झाले २३५, आणि कठडा भंगारात काढायच्या लायकीचा. स्टीलचे २१० तिथेच थांबतात, वर मोडीला किलोमागे लोखंडापेक्षा जास्त भाव. तुमच्या गावचे आकडे घालून पाहा; रीत हीच. यात माझे गुडघे आणि सासूबाईंचा तो एक क्षण मी धरलेला नाही.

पण चांगला माल वाईट बसवला तर पैसे पाण्यात. आम्ही हे केले:

काम दिवाळीनंतर काढले, होळीच्या आत संपवले. पाय फरशीत गाडले नाहीत. कडेला तीन इंचांची सिमेंटची पाळ घालून तिच्यावर पट्टी बोल्टने बसवली, बोल्टही स्टीलचेच. भोकांभोवती सिलिकॉन भरले. फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. वरचा पाइप गोल, म्हणजे पाणी थांबत नाही. गज उभे, कारण आडव्या पाइपांवर नातू शिडीसारखा चढतो. दोन गजांतले अंतर चार इंचांपेक्षा कमी, उंची साडेतीन फूट. खाली दोन इंच मोकळे, पाणी आणि पाने निघून जातात, झाडूही जातो. वेल्डिंगचा काळा-निळा डाग साफ करून घेतला, कारण गंज तिथेच आधी धरतो. शेजारी लोखंड घासू दिले नाही. त्याची ठिणगी स्टीलवर बसली की तिथे तांबडा ठिपका पडतो. आणि वरचे प्लास्टिक त्याच दिवशी सोलून काढले. नवेपणा टिकावा म्हणून ते ठेवू नका, आत पाणी कोंडते.

पाइपांची तोंडे वेल्डिंग करून पक्की बंद केली. याचे एक कारण आहे. जुना कठडा काढताना वेल्डर गॅस लावणार, एवढ्यात एका उघड्या पाइपातून कुंभारीण माशी बाहेर आली. आत तिची मातीची घरटी. तो पाइप जोडावर स्क्रू सोडवून वेगळा केला आणि तसाच परसात आडोशाला ठेवला. वेल्डरने त्या दिवशी अर्धीच मजुरी मागितली, काम अर्धे झाले म्हणून. मी पूर्ण दिली.

शेवटची गोष्ट मात्र सर्वांत आधी करायची. आमच्या भागातल्या पाड्यांवरची जुनी घरे बघा. कुडाच्या भिंती, त्यांवर खाली उतरलेले छप्पर. भिंतीला पाऊस लागूच द्यायचा नाही. आम्हीही गॅलरीवर दोन फूट पुढे येणारा पत्रा आणि त्याला पन्हळ लावली. निम्मी देखभाल तिथेच संपली.

आता पंधरा दिवसांतून एकदा ओले फडके, मग कोरडे. तारेचा काथ्या नाही, ॲसिड नाही. ब्लीचिंग पावडरही नाही. तिच्यातले क्लोरीन स्टीललाही खाते.

तुमच्याकडे लोखंडी कठडा असेल तर आज दुपारची भांडी झाली की एक काम करा. रंगाकडे बघू नका. खाली बसा आणि प्रत्येक पाय फरशीपाशी धरून हलवून पाहा. एक जरी हलला, तर आज रात्रीच त्याला दोरी बांधा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना, मुलांना सांगा. रंग दिवाळीला देता येईल.